स्टेरॉइडचा तराजू कोणाच्या हातात?



स्टेरॉइडबद्दल बोलणारे लोक आम्हाला दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतात, "ते विष आहे, आजच बंद करा." दुसरे म्हणतात, "एक सुई मारून घ्या आणि उद्या रॅलीत चला." पहिल्यांचे सांधे दुखत नसतात. दुसऱ्यांना आमच्या पुढच्या दहा वर्षांशी काही देणेघेणे नसते. आम्ही सहा वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थरायटिस घेऊन जगतो आहोत. त्यातला बहुतेक काळ प्रेडनिसोलोन नावाची छोटी गोळी रोज सकाळी खाऊन झाल्यावर घेत आलो आहोत. म्हणून या दोन्ही बाजूंशी आमचे भांडण आहे.

चळवळीच्या लिखाणात गोळ्या-औषधांचा विषय कशाला, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या गावांत आम्ही काम करतो, तिथे हे औषध आमच्या आया-बहिणींच्या शरीरात वर्षानुवर्षे जात आहे आणि आम्हाला भेटलेल्या बहुतेकींना त्याचे नावही माहीत नव्हते. ज्या औषधाचे नाव माहीत नाही त्याचे फायदे-तोटे कोण आणि कसे तोलणार? आमचा खरा प्रश्न हा आहे.

आधी आजाराबद्दल थोडे. आपल्याकडे सांध्याच्या कोणत्याही दुखण्याला ‘वात’ म्हणतात. वयाने गुडघे झिजणे हाही वात, चिकुनगुनियानंतर महिनोन्महिने राहिलेली दुखणी हाही वात. रुमॅटॉइड आर्थरायटिस, ज्याला डॉक्टर थोडक्यात आरए म्हणतात, तो यांपैकी नाही. यात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे, पायाचे चवडे सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर तरी हात आवळलेला राहतो. उपचार नीट झाला नाही तर कूर्चा आणि हाड खाल्ले जाते, बोटे वाकडी होतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. शंभर प्रौढांत साधारण अर्धा ते एक जण, आणि पुरुषांपेक्षा बायका दोन-तीन पट. बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो, म्हणजे ज्या वयात घर बाईच्या हातांवर चालते नेमक्या त्या वयात.

आम्हाला तो एकतिसाव्या वर्षी झाला. आधी पेनचे टोपण निघेना, मग ब्लाउजचे हूक लागेनात, मग पोळी लाटता येईना. दोन वर्षे वात म्हणून तेल, लेप, काढे झाले. शेवटी नागपूरला रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळाले. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रोज, आणि सोबत प्रेडनिसोलोन १० मिलीग्रॅम. आजाराला मुळातून आवरणारे औषध मेथोट्रेक्सेट हेच, पण त्याचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. प्रेडनिसोलोनला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भरलेली बादली उचलली आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन नुसती पाहत राहिली.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. स्टेरॉइडच्या विरोधात लिहिणारे ही बादली कधी सांगत नाहीत. जो माणूस दोन वर्षांनी स्वतःच्या हाताने वेणी घालतो त्याला ‘विष’ हा शब्द पटत नाही, आणि न पटणारा शब्द वापरला की तो माणूस आपले पुढचेही ऐकत नाही.

जगाचाही या औषधाशी पहिला परिचय असाच झाला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच यांच्या लक्षात आले होते की आरए झालेल्या बायकांचे दुखणे गरोदरपणात कमी होते. कावीळ झाली तरी कमी होते. (आपल्याकडच्या बायकाही हे सांगतात: पोटात लेकरू होते तोवर हात मोकळे होते, बाळंतपणानंतर दुप्पट आवळले.) म्हणजे शरीरातच काहीतरी असे तयार होत असावे जे हा आजार दाबते. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी २९ वर्षांच्या एका अंथरुणाला खिळलेल्या स्त्रीला, पुढे कॉर्टिसोन या नावाने ओळखल्या गेलेल्या द्रव्याचे इंजेक्शन दिले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळाले. मात्र जास्त मात्रेत दीर्घकाळ दिलेल्या कॉर्टिसोनची किंमत रुग्ण कशी मोजतात, हेही त्याच सुमारास दिसू लागले होते.

या कथेत आणखी एक नाव आहे, जे आपल्या तरुणांनी पाठ करावे: पर्सी ज्युलियन. जन्म १८९९, अलाबामातील मॉन्टगोमेरी, गुलामगिरीत जन्मलेल्या आजोबांचा नातू. अमेरिकेत काळ्या माणसाला पुढचे दरवाजे बंद, म्हणून डॉक्टरेट १९३१ मध्ये व्हिएन्नाहून. सुरुवातीचे कॉर्टिसोन गुरांच्या पित्तापासून मोठ्या खटाटोपाने बनत असे आणि त्याची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. ज्युलियन यांनी सोयाबीनच्या तेलातून निघणाऱ्या द्रव्यांपासून स्टेरॉइड बनवण्याच्या पद्धती शोधल्या आणि १९४९ मध्ये कॉर्टिसोनच्या वाटेवरचे एक महत्त्वाचे द्रव्य स्वस्तात बनवून दाखवले. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी गोऱ्यांच्या वस्तीत, शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये घर घेतले, तर त्या घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला. १९५१ मध्ये डायनामाइट फेकले गेले. आमच्या वरोरा-भद्रावतीकडच्या शेतांत आज सोयाबीन डोलताना दिसते तेव्हा आम्हाला हा माणूस आठवतो. औषध स्वस्त करणाराही आपल्यासारखाच वेशीबाहेरचा होता.

आणि औषध खरोखर स्वस्त झाले. प्रेडनिसोलोनची ५ मिलीग्रॅमची गोळी आज जेमतेम रुपयाची आहे. इथूनच आमची अडचण सुरू होते, कारण स्वस्त, तीन दिवसांत गुण देणारी आणि कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणारी गोष्ट गरिबाच्या बाबतीत हळूहळू एकमेव उपचार होऊन बसते.

दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने काय होते, ते आम्हाला कोणी भीती घालण्यासाठी नव्हे तर नीट समजावून सांगितले हे आमचे भाग्य. हाडे ठिसूळ होतात, आणि हा ऱ्हास पहिल्या काही महिन्यांतच सर्वात वेगाने होतो. रक्तातील साखर व दाब वाढतो. चेहरा गोल होतो, कातडी पातळ होते, मोतीबिंदू लवकर येतो. जंतुसंसर्ग सहज होतो. दबून बसलेला क्षयरोग उठू शकतो, आणि आपल्या जिल्ह्यांत ही पुस्तकी शक्यता नाही. त्यात घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूरच्या कोळशाची धूळ. साउथ वेल्सच्या खाणकामगारांत आरए आणि कोळशाची धूळ एकत्र आली की फुप्फुसांत गाठी होतात, हे कॅप्लान नावाच्या डॉक्टरने १९५३ मध्येच नोंदवले होते. खाणपट्ट्यात राहणाऱ्या संधिवाताच्या रुग्णाचा छातीचा एक्स-रे न काढता त्याला महिनोन्महिने स्टेरॉइड देणे आम्हाला निव्वळ बेफिकिरी वाटते. शिवाय बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे बनवणे मंदावते. म्हणून काही आठवड्यांपेक्षा जास्त घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. ‘आजच बंद करा’ म्हणणाऱ्या हितचिंतकांनी हे एक वाक्य तरी लक्षात ठेवावे.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी तर हे सगळे महाराष्ट्रासमोर मांडून ठेवले. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासाने दाखवले की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने सुमारे एक तृतीयांशाने घटतात. वर्षभराने, दुसऱ्या लाटेत, अनियंत्रित मधुमेह आणि बेहिशेबी स्टेरॉइड यांच्या संगतीने काळ्या बुरशीने लोकांचे डोळे आणि जबडे गेले. औषध एकच होते. मात्रा, वेळ आणि लक्ष ठेवणारा माणूस यांनी फरक पडला.

मग कमी मात्रेत, रोज ५ मिलीग्रॅम, वर्षानुवर्षे घेतले तर? आमचा स्वतःचा पेच हाच होता. यावर डॉक्टरांतही एकमत नाही, हे कळल्यावर आम्हाला उलट बरे वाटले. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांची २०२१ ची मार्गदर्शिका म्हणते, शक्यतो सुरुवातीलाही देऊ नका आणि तीन महिन्यांच्या पुढे तर नकोच. युरोपातील २०२२ ची म्हणते, मुख्य औषध लागू पडेपर्यंत आधार म्हणून द्या, पण लवकरात लवकर उतरवत बंद करा. त्याच वर्षी ‘ग्लोरिया’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सात युरोपीय देशांतील ६५ वर्षे व त्यावरील ४५१ रुग्णांपैकी अर्ध्यांना दोन वर्षे रोज ५ मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन दिले, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. स्टेरॉइड घेणाऱ्यांचा आजार जास्त आटोक्यात राहिला, सांध्यांची झीजही कमी झाली. मात्र शंभरातील ६० जणांना काही ना काही त्रास झाला, बिनऔषधाच्या गोळीवर ४९ जणांना. वाढलेला त्रास बहुतांशी गंभीर नसलेल्या जंतुसंसर्गांचा होता. त्याआधी २०२० मध्ये ‘सेमिरा’ नावाच्या अभ्यासाने उलट बाजू तपासली होती. आजार आटोक्यात असलेल्या रुग्णांचे ५ मिलीग्रॅम हळूहळू शून्यावर आणले, तर शंभरातील ६५ जणांचा आजार तरीही ताब्यात राहिला. चालू ठेवणाऱ्यांत ७७ जणांचा.

आकडे चांगले आहेत. पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने आकड्याआधी तो कोणाचा आहे हे विचारायचे असते. सेमिरातील रुग्णांना सोबत टोसिलिझुमॅब मिळत होते, जे आमच्या तालुक्यातील एखाद्या शिक्षकालाही परवडणार नाही. स्टेरॉइड उतरवता येते, कारण दुसऱ्या पारड्यात ते औषध आहे. ग्लोरियातल्या रुग्णांचे दोन वर्षे कोणीतरी रक्त तपासत होते, बोलावत होते, त्रास लिहून घेत होते. ‘रोज ५ मिलीग्रॅम बऱ्यापैकी सुरक्षित’ हा निष्कर्ष त्या देखरेखीसकट आहे. देखरेख काढून नुसता निष्कर्ष सिंदेवाहीच्या बाजारात आणला तर तो खोटा होतो.

आता बाजारातलेच सांगतो. धानपट्ट्यातल्या एका गावात आम्ही बचत गटाच्या कामासाठी जातो. तिथल्या एक मावशी, पंचेचाळिशीच्या, भूमिहीन, रोवणी आणि तेंदूपत्ता या दोन हंगामांवर घर. दोन्ही मनगटे सुजलेली, उजव्या हाताची बोटे बाहेरच्या बाजूला झुकू लागलेली. रोवणीत बाई दिवसभर घोट्याएवढ्या चिखलात कमरेत वाकून उभी असते, आणि पऱ्ह्याची जुडी सोडवून रोप चिखलात खोचण्याचे काम अंगठा व दोन बोटे करतात, म्हणजे नेमके ते सांधे ज्यांवर हा आजार बसतो. काम गुत्त्याने असते. टोळीतली एक बाई मागे पडली तर सगळ्यांची मजुरी मागे पडते, मग पुढच्या वर्षी तिला टोळीत घेत नाहीत. बाजाराच्या दिवशी एक ‘डॉक्टर’ येतो. सुईचे शंभर रुपये. पंधरा दिवस हात चालतो.

आम्ही त्यांना हाडांचे, साखरेचे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हात चालला तं घर चालते, मॅडम. हाडाचं मंग पाहू."

याला अज्ञान म्हणणाऱ्यांशी आमचे पटत नाही. समाजशास्त्रात टॅलकॉट पार्सन्स यांची ‘आजाऱ्याची भूमिका’ शिकवतात. १९५१ च्या ‘द सोशल सिस्टम’ मध्ये त्यांनी मांडले की समाज आजारी माणसाला नेहमीच्या कामातून सूट देतो आणि बदल्यात त्याने योग्य उपचार घेऊन बरे व्हावे अशी अपेक्षा ठेवतो. वर्गात हे लिहून घेताना आम्हाला बरोबर वाटले होते. पण मावशींना ही सूट कोणी दिली? भूमिहीन बाईला आजारी पडण्याची जागाच समाजव्यवस्थेने ठेवलेली नाही. तिने वीस दिवसांची रोवणी एका पारड्यात टाकली आणि दहा वर्षांनंतरची हाडे दुसऱ्या पारड्यात, आणि तिच्या परिस्थितीत कोणीही शहाणा माणूस करेल तोच हिशेब केला. आमच्याकडे महिन्याचे मानधन आहे, आजारपणाची रजा आहे, म्हणून आमचा हिशेब वेगळा येतो. त्यात आमच्या शहाणपणाचा वाटा फार थोडा.

मात्र एका ठिकाणी आम्ही मावशींशी भांडलो आणि भांडत राहू. त्या सुईत काय होते, हे त्यांना माहीत नव्हते. ‘ताकदीची’ म्हणून सांगितले होते. असाच प्रकार पुड्यांचा. जत्रेत, बाजारात, घरपोच विकल्या जाणाऱ्या ‘शंभर टक्के जडीबुटी’च्या वाताच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे देशात वेळोवेळी तपासणीत आढळले आहे. जी पुडी दोन दिवसांत जुना वात घालवते, जिने भूक वाढते, चेहरा भरतो आणि जी बंद करताच दुखणे दुप्पट उसळते, तिच्याबद्दल संशय घ्यायला प्रयोगशाळाही लागत नाही. माहीत असून घेतलेले स्टेरॉइड हा निर्णय असतो, मग तो आम्हाला पटो वा न पटो. लपवून दिलेल्या स्टेरॉइडने निर्णय करण्याचा हक्कच काढून घेतला जातो. आणि ज्यांना हजारो वर्षे ‘तुला कळून काय करायचे आहे’ असे सांगितले गेले, त्यांच्याच बाबतीत हे सर्वात सहज घडते.

केसमुत्तीच्या कालामांना बुद्धांनी सांगितले ते आपण व्याख्यानांत नेहमी वापरतो: परंपरा म्हणते म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, पडताळून पाहा. ते बाजारातल्या सुईलाही लागू आहे आणि व्हॉट्सॲपवरच्या ‘स्टेरॉइड म्हणजे विष’ या संदेशालाही. महावग्गात चांगल्या रुग्णाची लक्षणे सांगितली आहेत. आपल्याला मानवते ते करणे, त्यातही मात्रा ओळखणे, शुश्रूषा करणाऱ्याला दुखण्याची खरी हकीकत सांगणे ही त्यांपैकी आहेत. मात्रा ओळखायची तर मात्रा सांगितली गेली पाहिजे.

म्हणून आम्ही गटातल्या बायकांसोबत एक साधी गोष्ट सुरू केली. प्रत्येकीला एक वही. सुई घेतली की रिकामी शिशी मागायची, गोळ्या घेतल्या की पाकीट फेकायचे नाही. नाव कापून वहीत चिकटवायचे, खाली तारीख. शिशी मागितल्यावर बाजारातला तो डॉक्टर चिडला. "तुले काय कराची हाय शिशी?" असे त्याने एकीला विचारले. दोघींना सुई द्यायलाच नकार दिला. तिसऱ्या आठवड्यात मावशींनी पदरात बांधून एक शिशी आणली. लेबलवर डेक्सामेथासोन. त्या रात्री आम्ही त्यांच्या सांगण्यावरून मागचा हिशेब मांडला: तीन वर्षे, रोवणीत आणि तेंदूच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी, मध्ये कधी महिन्याने.

इथे आमच्या समाजापुरती एक वेगळी आणि फार महत्त्वाची गोष्ट. विदर्भात सिकलसेल आहे, आदिवासींत आहे आणि आपल्या बौद्ध घरांतही आहे. मध्य भारतातील सिकलसेलवर शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच आला होता, म्हणजे धम्मदीक्षेनंतर दोन वर्षांनी. सिकलसेलच्या रुग्णाचेही सांधे आणि हाडे भयंकर दुखतात, हातपाय सुजतात. त्यालाही गावात ‘वात’ म्हणतात आणि त्यालाही तीच सुई मिळते. सिकलसेलमध्ये स्टेरॉइडने दुखणे तात्पुरते दबून पुन्हा जोरात उसळण्याचा धोका असतो. शिवाय खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरण्याचा धोका सिकलसेलमध्येही असतो आणि स्टेरॉइडनेही असतो. एकाच हाडावर दोन्हीकडून घाव. आम्हाला भेटलेला एक विशीतला मुलगा काठी टेकत चालतो. लहानपणापासून त्याला वाताच्या सुया दिल्या गेल्या. त्याची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी एकोणिसाव्या वर्षी झाली. त्याच्या खुब्याला नेमके कशाने मारले हे आता कोणीच सांगू शकणार नाही. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे, तपासणी मोफत होते. आपल्या घरात कोणाला ‘वात’ असेल आणि सिकलसेलची तपासणी झालेली नसेल, तर कोणतीही सुई घेण्याआधी ती करा.

आमच्या स्वतःच्या निर्णयाकडे येतो. आम्ही १० वरून ७.५, मग ५ मिलीग्रॅमवर आलो आणि तिथे दोन वर्षे अडकलो. शरीर स्वतः रोज बनवते तेवढ्याच्या आसपासची ही मात्रा. खाली जायला लागले की शरीर कुरकुर करते. त्यात तालुक्याच्या मेडिकलमध्ये ५ मिलीग्रॅमपेक्षा लहान गोळी मिळत नाही. ब्लेडने अर्धी करायची, आणि सुजलेल्या बोटांनी ब्लेड धरून बघा एकदा. दुसरे, आम्ही बाई आहोत. मूल हवे असेल तर मेथोट्रेक्सेट काही महिने आधीच बंद करावे लागते, गर्भाला ते घातक आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासालाझिन आणि कमी मात्रेतले प्रेडनिसोलोन मात्र गरोदरपणात देता येते. म्हणजे ज्याला आम्ही कमी करत होतो तेच काही काळ जवळ ठेवावे लागू शकते. हे सासरी समजावताना आमची समाजशास्त्राची पदवी कामी आली नाही. डॉक्टरांसमोर दोघांना बसवणे कामी आले.

तिसरी गोष्ट चळवळीची. १४ एप्रिलची मिरवणूक, १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरची गर्दी, ६ डिसेंबरचा चैत्यभूमीचा प्रवास. प्रत्येक वेळी कोणीतरी प्रेमाने म्हणते, "दोन दिवस गोळी वाढवा ना, नंतर कमी करा." बाबासाहेबांचे उदाहरण दिले जाते. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने जर्जर शरीर घेऊन ते १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपूरला आलेच ना! आले. आणि साडेसात आठवड्यांत गेले. त्या उदाहरणातून कार्यकर्त्याच्या शरीराची उधळपट्टी शिकायची नसते, असे आमचे मत आहे. आम्ही सणासाठी मात्रा वाढवत नाही. स्टॉलवर खुर्ची टाकून बसतो आणि पुस्तके विकतो. काहींना ते खटकते. खटकू द्या.

आम्ही काय तोलून काय ठरवले, ते असे: मेथोट्रेक्सेट पुरेशा मात्रेत चालू आहे तोवर स्टेरॉइड उतरवत न्यायचे, दर दोन महिन्यांनी थोडे. दुखणे वाढले तर डॉक्टरांना विचारूनच पुन्हा एक पायरी वर, तीही ठरलेल्या तारखेपर्यंत. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालू. ऊन तर चंद्रपुरात जगाला वाटण्याइतके आहे, पण डॉक्टर म्हणतात गोळी घ्या. साखर आणि दाब तीन महिन्यांनी. मेथोट्रेक्सेटवर असताना दारू नको, हे आम्हाला सोपे आहे. मोहाची पहिल्या धारेची सगळीकडे मिळणाऱ्या, १९९३ पासून ‘दारूबंदी’ असलेल्या जिल्ह्यातल्या पुरुष रुग्णांना ते सोपे नाही आणि तपासताना कोणी त्यांना हा प्रश्न विचारतही नाही.

यातले महाग काय आहे पाहा. गोळ्या नव्हेत. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासालाझिन ही तिन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. महाग आहे तो एटापल्ली-भामरागडकडून नागपूरपर्यंतचा रस्ता, एसटीचे भाडे, बुडालेली दोन दिवसांची मजुरी, सोबतीला आलेल्या माणसाची मजुरी, आणि हे सगळे दर दोन-तीन महिन्यांनी. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. आयुष्यभर बाह्यरुग्ण म्हणून चालणाऱ्या या आजाराला तिचा फारसा आधार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेलचे नाव आहे, आरएचे नाही. बोटे पुरती वाकडी होऊन अस्थिव्यंगाची टक्केवारी भरेपर्यंत थांबा, असाच त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

रक्ताच्या साध्या तपासण्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतात. निदान एकदा तज्ज्ञाने केले की पुढे औषध देणे, रक्त पाहणे, मात्रा जुळवणे हे तिथल्या डॉक्टरला शिकवता येण्यासारखे काम आहे. उच्च रक्तदाबाच्या गोळ्या उपकेंद्रापर्यंत येतात, तर या का येऊ नयेत? आम्ही गटातर्फे निवेदन दिले आहे: जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस संधिवाताची ओपीडी, ग्रामीण रुग्णालयात मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिडचा नियमित साठा, आणि बाजारातल्या बोगस सुयांवर कारवाई. तिसरी मागणी पहिल्या दोनशिवाय मान्य करू नका, असेही त्यात लिहिले आहे. नुसती सुई बंद केली तर मावशींचा हात बंद पडेल आणि त्यांना स्टेरॉइड एकदम तुटल्याचा धोकाही होईल. निवेदनावर अंगठ्यांसह ६३ सह्या आहेत. त्यातल्या काही बायकांना पेन धरता येत होते पण सही करता आली नाही, बोटांमुळे.

मावशींना आम्ही उन्हाळ्यात, तेंदूचा हंगाम सुरू होण्याआधी, नागपूरला नेले. आरए निघाला. सिकलसेल नाही. साखर वाढलेली. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केले आणि सुईऐवजी मोजून प्रेडनिसोलोन दिले, उतरवत न्यायच्या तारखा कागदावर लिहून. परतीच्या एसटीत त्यांनी कागद दोनदा वाचायला लावला.

"मंजे रोवणीपर्यंत ही लहान गोळी राहीन?"

राहील, पण अर्धी.

"अन् रोवणीत हात आवरला तं?"

आम्ही म्हणालो, तर फोन करा, आपण डॉक्टरांना विचारू. बाजारात जाऊ नका. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. कागद घडी करून वहीत ठेवला, डेक्सामेथासोनच्या लेबलाच्या पुढच्या पानावर. या वर्षी रोवणीला त्या टोळीसोबत गेल्या. पहिले दहा दिवस फोन आला नाही. अकराव्या दिवशी आला: गोळ्या संपत आल्या आहेत, तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्याची ती पिवळी गोळी नाही म्हणतात, काय करू?

आम्ही सध्या अडीच मिलीग्रॅमवर आहोत. मावशींच्या गोळ्या चंद्रपूरहून घेऊन उद्या सकाळच्या गाडीने पाठवतो आहोत, आणि निवेदनाची प्रत पुन्हा एकदा.